पक्क्या वहीतली दिवाळी

शहराची दिवाळी आमच्याकडे पहाटे येत नाही, साडेदहाच्या सुमारास येते. पहाटे पेठांमधून आणि वारज्याकडच्या सोसायट्यांमधून जी काही अभ्यंगस्नानं होतात, त्यांचं पाणी गटारांतून वाट काढत नदीकाठच्या आमच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात पोचायला तेवढा वेळ लागतो. आधी उटण्याचा वास येतो. मग साबणाचा फेस. दुपारनंतर तळणाचं तेल यायला लागतं, ते भाऊबीज उलटून गेली तरी थांबत नाही. एरवी आम्ही ज्या वासात दिवस काढतो त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. पण नरकचतुर्दशीला तेवढा एक तास, पाणी आत येतं त्या कठड्यापाशी उभं राहिलं तर खरोखर सणाचा वास येतो. यंदाही आला. मी नाकाला रुमाल लावला आणि आत निघून गेले.

बावीस वर्षं मी इथे केमिस्ट आहे. "कसं हो सहन करता?" असं लोक विचारतात. करते सहन, काय करणार. उलट या नोकरीने मला शहराची जेवढी ओळख करून दिली तेवढी जन्मभर पेठेत राहून झाली नसती. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पाण्यावर दुधाचा पांढरट तवंग असतो. रंगपंचमीला पाणी आधी गुलाबी, मग कशाचंच नसतं अशा एका रंगाचं येतं. मे महिन्यात विद्यार्थी आणि आयटीवाली मंडळी गावी गेली की पाणी कमी होतं आणि दाट होतं. पुणेकर कधी उठतात, काय खातात, कुठल्या दिवशी घर धुऊन काढतात, हे मला पाण्यावरून कळतं. पुणेकरांना मात्र आमचं केंद्र कुठे आहे हे माहीत नसतं. विचारलं तर पत्ता सांगतात, ठामपणे सांगतात आणि चुकीचा सांगतात.

या केंद्राचा जीव म्हणजे हवेच्या टाक्या. पाण्यातली घाण आम्ही काढत नाही, जीवाणू खातात. त्यांना खायला श्वास लागतो, म्हणून मोठमोठे ब्लोअर टाकीच्या तळातून अखंड हवा सोडत असतात. हवा जास्त झाली तर विजेचं बिल वाढतं, कमी झाली तर जीवाणू गुदमरतात. सगळी कसरत एवढीच. रोज सकाळी टाकीतलं तपकिरी पाणी मी काचेच्या उंच नळकांड्यात भरते आणि अर्धा तास थांबते. जीवाणू निरोगी असले तर गाळ हळूहळू खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी उरतं, पलीकडची खिडकी दिसेल इतकं. तो अर्धा तास मला फार आवडायचा. घरात काही बिनसलेलं असलं तरी त्या काचेकडे बघून मन निवायचं.

मला जे काचेत दिसायचं ते प्रल्हाद वानखडेंच्या बोटांना कळायचं. वानखडे ऑपरेटर होते, ठेकेदार कंपनीच्या कंत्राटावर. यवतमाळकडचे. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करायचे, ती बंद पडल्यावर पुण्याला आले आणि आमच्याकडे अकरा वर्षं राहिले. टाकीतला गाळ चिमटीत घेऊन चोळायचे, हुंगायचे आणि सांगायचे, "आज बेस आहे, म्याडम. ओल्या मातीवानी वास आहे." किंवा, "आज पोट बिघडलं याचं." मी वर जाऊन तपासायचे तर नेमकं तसंच निघायचं. शिक्षण दहावी नापास. मी एम.एस्सी. आहे, हे मी पहिली दोन वर्षं त्यांना अधूनमधून ऐकवत असे. पुढे माझं मलाच ते बंद करावंसं वाटलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मला वह्यांबद्दल सांगावं लागेल.

पाण्यात घाण किती उरली हे सांगणारी आमची मुख्य चाचणी आहे, बीओडी. नमुना बाटलीत बंद करून ठरावीक उबेत ठेवायचा आणि तीन दिवसांनी बघायचा. तीन दिवस म्हणजे तीन दिवस, जीवाणूंना घाई करता येत नाही. पण वरच्या ऑफिसला रोजचा अहवाल रोज सकाळी अकरा वाजता हवा असतो. आजच्या पाण्याचा आकडा आज. मी नवीन होते तेव्हा साहेबांना म्हटलं, "सर, हा आकडा गुरुवारी येईल." साहेब म्हणाले, "बाई, गुरुवारी गुरुवारचा द्या. आज आजचा द्या." तेव्हापासून मी आजचा द्यायला लागले. कालचा आकडा बघायचा, परवाचा बघायचा, पाण्याचा रंग बघायचा आणि साजेसा काहीतरी लिहायचा. ती पक्की वही. तिच्यावर माझी सही, साहेबांची सही, शिक्का. तीन दिवसांनी बाटली उघडली की खरा आकडा यायचा, तो मी कच्च्या वहीत लिहायचे. दोन आकडे जुळले तर आनंद. नाही जुळले तर पक्क्या वहीत खाडाखोड चालत नाही, असा नियम होता. नियम मी कसोशीने पाळला.

हे फक्त मीच करत होते असं समजू नका. माझ्या आधीचे केमिस्ट हेच करायचे आणि मला त्यांनीच हातात हात धरून शिकवलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं. अहवाल वेळेवर गेला पाहिजे एवढंच होतं. आणि तसं पाहिलं तर एरवी फार बिघडतही नव्हतं, कारण केंद्र चालायचं ते वह्यांवर नाही, वानखडेंच्या नाकावर आणि माझ्या नळकांड्यावर. पक्की वही वर पाठवायला होती. दिवाळीत खरा आकडा दीडपट-दुप्पट व्हायचा तेव्हाही पक्क्या वहीत आमची दिवाळी अगदी शांत असायची.

आणि कच्ची वही? माझ्या माहेरी दुकान होतं, बुधवार पेठेत. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि पाडव्यापासून ती सुरू करायची, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. प्रयोगशाळेतही मी तेच केलं. दर दिवाळीला नवी कच्ची वही, पहिल्या पानावर हळदकुंकू. आणि जुनी? दिवाळीच्या साफसफाईत कपाट आवरायचं, जुन्या वह्या, वर्तमानपत्रं, खोकी स्कूटरच्या पायापाशी ठेवायची आणि घरी जाताना वारज्याच्या कोपऱ्यावर रद्दीवाल्याकडे टाकायची. त्याबदली सगळ्या शिफ्टला सामोसे. शहरातल्या पाण्याचा जो काही खरा इतिहास होता तो मी असा दरवर्षी स्वतःच्या हाताने रद्दीत घातला, आणि कपाट स्वच्छ झालं म्हणून मला फार बरं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी पाऊस संपता संपता ईशान आला. सव्वीस-सत्तावीसचा, हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीतला. त्याचं म्हणणं सरळ होतं आणि मला आजही ते पटतं. वीज सगळी ब्लोअर खातात. कधी किती घाण येते हे आधी कळलं तर तेवढीच हवा सोडता येईल, वीज वाचेल, पाणीही चांगलं निघेल. त्यासाठी मागचा डेटा हवा. "मॅडम, जितका जास्त हिस्टॉरिकल डेटा, तितकी सिस्टीम स्मार्ट," तो म्हणाला. मी सहा वर्षांच्या पक्क्या वह्या त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने दोन मुली बसवून ते सगळे आकडे संगणकात भरून घेतले. आठवड्याने येऊन म्हणाला, "मॅडम, ऑनेस्टली सांगतो, इतका क्लीन डेटा मी कुठेच पाहिला नाही. एक गॅप नाही, एक विअर्ड व्हॅल्यू नाही."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. तो माझ्यासमोर उभा होता, हातात चहाचा कप होता, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आमच्याकडे शिस्त आहे." या एका वाक्याबद्दल मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्याआधी एकोणीस वर्षं खोटे आकडे लिहिताना काही वाटलं नव्हतं, पण ते वाक्य अजून सलतं.

दसऱ्याला सिस्टीम सुरू झाली. कंट्रोल रूममध्ये मोठा पडदा लागला, त्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. ब्लोअर आपोआप कमी-जास्त व्हायला लागले. पहिले दहा-बारा दिवस वीज खरंच वाचली, साहेबांनी पेढे वाटले. पडद्यावर सगळं हिरवं होतं. मीही कपाट आवरलं, वह्या स्कूटरवर घातल्या आणि रद्दीत टाकून आले. तोवर मला कसलीच शंका नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेसुद्धा पडलं नाही.

दिवाळी आली. घरोघरी फरश्या धुतल्या, फिनेल आलं, मग उटणं, मग तेल. टाकीत हवा मोजायला जो प्रोब बुडवलेला असतो त्याच्यावर तेलाचा थर बसला आणि त्याचे आकडे वेडेवाकडे यायला लागले. तसं झालं तर काय करायचं हेही ईशानने सिस्टीमला नीट शिकवलं होतं. बेभरवशाचा आकडा बाजूला ठेवायचा आणि मागच्या वर्षांवर विसंबायचं. मागच्या सहाही वर्षांत, माझ्या सहीनिशी, दिवाळी शांत होती. वर शहर रिकामं झालेलं, पाणी कमी. सिस्टीमने हवा कमी केली.

वानखडे लक्ष्मीपूजनाच्या सकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या. हातात मगभर गाळ. "म्याडम, हवा कमी पडून राह्यली ना. वास पाहा."

मी वास घेतला. मातीचा नव्हता.

"पडदा हिरवा आहे, वानखडे."

"पडद्याले नाक आहे का?" ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "दरसाली दिवाळीत आपण दुसरा ब्लोअर लावत होतो. तुमाले तं माहीत आहे. तुम्ही साहेबाले सांगा. तुमचं ऐकतीन ते. माहं कोण ऐकते?"

मी साहेबांच्या केबिनपर्यंत गेले. दारावर हात ठेवला. काय सांगणार होते? दिवाळीत पाणी दुप्पट घाण येतं. मग वहीत का नाही? मी नाही लिहिलं. का नाही लिहिलं? त्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बोलून निवृत्तीला उरलेली सात वर्षं कशी काढायची हे माहीत नव्हतं. मी परत आले आणि वानखडेंना म्हटलं, "बघू. सांगते." त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

त्यांनी गावाला जाण्याची रजा रद्द केली. दिवसातून चार-पाच वेळा जाऊन ते दुसरा ब्लोअर हाताने चालू करायचे. थोड्या वेळाने सिस्टीम तो बंद करायची. ते पुन्हा चालू करायचे. पाडव्याच्या दुपारी मी वरून पाहिलं, तर टाकीच्या कठड्यावर डब्यातली चकली खात बसले होते आणि ब्लोअर बंद पडल्याचा आवाज आला की चकली डब्यात ठेवून उठत होते. मी त्यांना हाक मारली नाही. त्याच दिवशी मी कुंकू लावलेली नवी कच्ची वही सुरू केली.

भाऊबीजेला टाकी काळी पडली. नळकांड्यात गाळ खाली बसेना. अर्धा तास झाला, तास झाला, काच वरपासून खालपर्यंत काळीच. सडक्या अंड्यासारखा वास पार गेटपर्यंत. केंद्रातून नदीत जे गेलं ते पाणी म्हणण्यासारखं नव्हतं. पुलावर लोक थांबून मोबाईलवर फोटो काढत होते. आम्ही दुसऱ्या केंद्रातून टँकरने जिवंत गाळ आणला, विरजण मागायला शेजारी जावं तसा, आणि टाकी पुन्हा लागायला तीन आठवडे गेले.

चौकशी लागली. ईशानने सिस्टीमची नोंद काढून दिली, ती तो देणारच होता. त्यात सगळं होतं. कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी ब्लोअर हाताने चालू केला गेला, कुणाच्या शिफ्टमध्ये, किती वेळा. वानखडेंनी टाकी वाचवायची केलेली धडपड मिनिटागणिक लिहून ठेवलेली होती. आमच्या केंद्रातली आजवरची ती एकमेव खरी नोंद असेल, आणि तिचा अर्थ असा लावला गेला की ऑपरेटरने वारंवार हस्तक्षेप केल्यामुळे यंत्रणा बिघडली.

ते कळलं त्या संध्याकाळी मी रद्दीवाल्याकडे धावले. स्कूटर स्टँडवर न लावताच सोडली. "भाऊ, माझ्या वह्या. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या. दिवाळीच्या आधी दिल्या होत्या." त्याने मला आत जाऊ दिलं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये, शाळेच्या वह्यांमध्ये, लग्नपत्रिकांमध्ये मी गुडघ्यांवर बसून शोधत राहिले. तो म्हणाला, "अहो बाई, दिवाळीतला माल दिवाळीतच जातो. लगदा पण झाला असेल त्याचा." मग मला पाणी दिलं. मी तिथेच बसून रडले. बाहेर ओळखीच्या एक बाई भाजी घेत होत्या, त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

बैठकीत मी उभी राहिले. वरातीमागून घोडं, पण राहिले. म्हटलं, वह्यांमधले आकडे माझे आहेत. अंदाजाने लिहिलेले आहेत. दिवाळीत घाण दरवर्षी वाढते. वानखडे बरोबर करत होते. बोलताना वाटलं होतं, आता आभाळ कोसळेल. काही कोसळलं नाही. चौकशीला आलेल्या गृहस्थांनी चष्मा वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "आपल्याकडे याला काही आधार?" मी नवी कच्ची वही पुढे केली. त्यात जेमतेम पंधरा दिवसांचे आकडे होते, आणि तेही टाकी बिघडतानाचे. त्यांनी पहिल्या पानावरचं कुंकू बघितलं, पान उलटलं. "यावर सही नाही कुणाची. पक्क्या वहीवर मात्र आहे. आपलीच आहे ना ही?" मी हो म्हटलं. "मग डेटामध्ये तसं काही दिसत नाही, मॅडम," ते म्हणाले. आणि साहेब हसून म्हणाले, "बाईंचा स्वभाव मुळात मायाळू आहे."

ईशान जिन्यात थांबला होता. "मॅडम, मला आधी सांगायचं होतंत. एक दिवस दिला असता तर मी सगळं बदललं असतं." त्याचे डोळे लाल झाले होते. मला त्याच्याकडे बघवलं नाही. यंत्राचा काही दोष नव्हता आणि त्याचाही नव्हता. त्या दोघांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. वानखडेंसकट तिघांनी.

वानखडेंचा गेटपास काढून घेतला. जाताना ते प्रयोगशाळेत आले. मी म्हटलं, "वानखडे, माझ्यामुळे झालं हे." ते म्हणाले, "नाही जी, तुम्ही बोलल्या ना शेवटी." एवढं वाईट मला कुणीच कधी बोललं नव्हतं, आणि त्यांनी तर ते समजूत घालायला म्हटलं होतं. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या. सिस्टीम आता नव्या आकड्यांवर चालते आणि बरी चालते. प्रोब आठवड्याला पुसला जातो, आणि बीओडीच्या रकान्यात तीन दिवस 'प्रलंबित' असं लिहायला परवानगी मिळाली आहे. एका शब्दाची परवानगी. ती बावीस वर्षांपूर्वी मागता आली असती, हे मला अकरा वाजता अहवाल पाठवताना रोज आठवतं.

यंदा पाडव्याला मीच त्यांना फोन केला. दर वर्षी करायचा ठरवते, या वर्षी केला. वानखडे आता पुण्याजवळ मांजरी गावात असतात. उसाच्या शेतांच्या जागी जी नवी संकुलं उठली आहेत त्यांतल्या एका सोसायटीत, तळघरातलं छोटं शुद्धीकरण केंद्र सांभाळतात. आवाज तसाच होता. मुलगी अकरावीत गेली, म्हणाले. मी विचारलं, "टाकी कशी आहे तुमची? मातीचा वास येतो का?"

"टाकी बंद असते, म्याडम. कमिटीवाले बिल लय येते म्हणतात. तपासणीवाले आले का तेवढी चालू करतो."

त्यांच्या मागे कुठेतरी फटाक्यांची माळ लागली होती.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "इथं रजिस्टर मलेच भरा लागते. मागच्या माणसाले यातच काढलं, उलटंसुलटं लिहीत होता म्हणून. मले काही समजत नाही त्यातलं, मी तं कधी लिहिलंच नाही ना. तुमाले विचारावं म्हटलं. बीओडी किती लिहिला म्हणजे बरा दिसते?"

खरं लिहा म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. खरं लिहिलं तर पुढच्या महिन्यात तिथला गेटपासही जाईल. एक नोकरी मी त्यांची घालवलीच आहे. मुलगी अकरावीत आहे.

"आठ लिहा," मी म्हटलं. "नऊ, कधी दहा. पण वानखडे, रोज एकच आकडा लिहू नका. थोडा वर-खाली ठेवा."

"थांबा," ते म्हणाले, "लिहून घेतो."